संत्र्याचं पाणी तोडलं तेव्हा

घर बांधून झालं आणि पूर्वेच्या बाजूला चार-पाच झाडं मावतील एवढी जागा उरली. मोताळ्यात तोवर मला कोणी फुकट चहा पाजला नव्हता, पण त्या जागेत काय लावावं हे सांगायला अख्खी कॉलनी कुंपणाशी येऊन उभी राहिली. एक म्हणाला नारळ लावा. दुसरा म्हणाला नारळ आपल्याकडे नुसताच उंच होतो, चिकू लावा. शेजारचे सेवानिवृत्त ग्रामसेवक रोज सकाळी दात घासता घासता मला बजावत, की दारात सीताफळ नको, साप येतो. मी शाळेत मास्तर. दिवसभर पोरांना शिकवून घरी आल्यावर मलाच कोणी शिकवायला लागलं की माझं टाळकं सरकतं. मी सगळ्यांना हो हो म्हटलं आणि मनाशी लिंबू, पेरू आणि सीताफळ असं ठरवून टाकलं. तिन्ही चिवट झाडं. थोडं दुर्लक्ष झालं तरी रुसून मरत नाहीत.

बाबांना मात्र संत्रं हवं होतं.

आता बाबा नाहीत. झाड आहे, मी लिहायला बसतो त्या खिडकीतून दिसतं. येणारे-जाणारे विचारतात, मास्तर, तुमच्या झाडाला संत्री लागतात का हो? मी सांगतो, एकदा लागली होती. लोक पुढे विचारत नाहीत आणि मीही सांगत बसत नाही.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. आमचं गाव तिकडे पूर्णेच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. तिथं विहिरीला पाणी असतं, हापशाला असतं, पण सगळं खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहात कितीही साखर घातली तरी तो चहासारखा लागत नाही. पाहुणा एक घोट घेऊन पेला हळूच खाली ठेवतो. आम्हाला सवय होती. मी शिकायला बाहेर पडलो, नोकरीला लागलो आणि त्या पाण्यातून सुटलो. बाबा उभा जन्म तेच प्याले.

त्या पाण्यावर अंगणात फळझाड जगत नसे. बाबा तरुणपणी हंगामात सातपुड्याच्या पायथ्याकडे संत्री तोडायला मजुरीनं जायचे. दिवसभर दुसऱ्याच्या बागेत टोपल्या भरायचे आणि येताना गळालेली, डाग पडलेली संत्री उपरण्यात बांधून आणायचे. एका वर्षी त्यांनी तिथून एक कलम आणलं आणि आमच्या अंगणात लावलं. महिनाभरात पानांच्या कडा जळायला लागल्या. मग बाबा सायकलला डबे बांधून दूरच्या गावाहून गोडं पाणी आणू लागले, झाडासाठी. आई दारात उभी राहून म्हणाली, "लेकरं खारं पेऊन राह्यले अन् झाडाले गोडं पाणी? डोस्कं ठिकाणावर हाये का तुमचं?" तिचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी घरात आलं आणि झाड वाळलं. ती वाळलेली काडी मात्र त्यांनी पुढचा पावसाळा येईपर्यंत उपटली नाही.

मोताळ्याला आले त्या दिवशी माझ्या बायकोनं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. आमच्या बोअरचं पाणी चांगलं आहे. त्यांनी अर्धा तांब्या पिऊन तिच्याकडे पाहिलं, "गोडं हाये बाई," म्हणाले, उरलेला अर्धा संपवला आणि आणखी एक मागितला. पुढे कित्येक दिवस ते पाणी पिता पिता मधेच थांबून हसायचे. पाण्याला हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशा माणसाला संत्रं लावू नका म्हणून कसं सांगणार? तरी मी सांगून पाहिलं. आमची जमीन काळी, भारी. पाणी धरून ठेवते. संत्र्याला असल्या जमिनीत मुळ्या सडायचा रोग. रोपवाटिकेत गेलो तर तिथला माणूसही तेच म्हणाला, "मास्तर, काळ्या जमिनीत जिवावर येते त्याच्या." मी विजयी मुद्रेनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मंग उचलून लावू." म्हणजे जमिनीवर मुरूम, वाळू आणि शेणखताचा उंचवटा करायचा आणि त्यावर झाड लावायचं. ते उचलायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीत आम्ही बापलेकांनी खड्डे खणले. ट्रॉलीभर मुरूम दारात पडला, तो टोपल्याटोपल्यानं आत नेता नेता माझे तळहात सोलले गेले. बाबा खुर्चीवर बसून "अजून एक टोपलं" एवढंच म्हणत होते.

पाऊस झाल्यावर सगळी झाडं लावली. लिंबू, पेरू, सीताफळ कुंपणाकडे आणि उंचवट्यावर, घराच्या अगदी समोर, संत्र्याचं कलम. त्या दिवसापासून बाबांना नोकरी लागली. सकाळी उठले की पाइप घेऊन झाडाच्या बुडाशी. संध्याकाळी पुन्हा. मी ओरडायचो, "बाबा, मुळ्या सडतील." ते पाइप बाजूला करायचे आणि मी आत गेलो की पुन्हा आणायचे. उंचवट्यामुळे झाड वाचलं म्हणायचं. वाचलं कसलं, माजलं. हिरवंगार, पानांनी गच्च, माझ्या डोक्याच्या वर गेलं. पेरूला पेरू लागले, लिंबानं लोणच्याची सोय केली, सीताफळानं दोन-चार का होईना दिली आणि साप काही आला नाही. संत्र्याला एक फूल नाही. मी बाबांना चिडवायचो, "तुमच्या झाडाला सुखाची सवय लागली."

बायकोचा भाऊ मेहकरकडचा. त्याच्याकडे संत्र्याची बाग आहे. तो एकदा आला, झाडाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊजी, असं कधीच नाई लागत हे. याचं पाणी तोडा लागते."

मग त्यानं मला समजावलं. पावसाळा संपला की थंडीत संत्र्याचं पाणी पूर्ण बंद करायचं. झाड तहानतं, पानं मलूल होतात, वळतात, पिवळी पडतात. पार कोमेजायच्या बेतात आलं की मग भरपूर पाणी सोडायचं. त्या पाण्यावर झाड फुलून येतं. रोज पाणी पिणारं झाड नुसती पानं काढत बसतं. सगळे बागवाले असंच करतात.

मी बाबांकडे वळलो. ते म्हणाले, "माहीत हाये मले. म्या काय बागा पाह्यल्या नाई?"

"मग इतकी वर्षं का नाही तोडलं?"

"पाणी असून झाडाले तहानलं ठेवाचं?" बाबा म्हणाले. "आपल्याच्यानं नाई होत बाप्पा." आणि पाइप उचलून गेले. मेव्हण्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले.

पुढच्या पावसाळ्यात बाबांचे पाय सुजले. आधी आम्हाला वाटलं वयामुळे असेल. मग चेहरा सुजला, जेवण तुटलं, दोन पावलं चालले की धाप लागायला लागली. बुलढाण्याला नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गाव कुठलं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्या पाण्यामुळे का, मी विचारलं. असू शकतं, ते म्हणाले, नसूही शकतं. मला प्रचंड राग आला होता, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना. पाण्यावर रागावता येत नाही.

मग डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून पथ्य सांगितलं. लघवी जवळजवळ बंद आहे, त्यामुळे प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही. ते छातीत साठतं. म्हणून दिवसभरात मोजकं पाणी, चहा-ताक धरून. मीठ नाही. फळांमधलं पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून केळी नाही, नारळपाणी नाही, मोसंबी नाही.

"संत्रा बी नाई?" बाबांनी विचारलं.

"संत्रं तर बिलकूल नाही, काका."

बाबा माझ्याकडे बघून जरा हसले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

त्या दिवसापासून बायको सकाळी एक छोटी बाटली भरून बाबांच्या उशाशी ठेवू लागली. गोळ्या, चहा, घोट-घोट पाणी, सगळं तेवढ्यात. भाज्या उकळून त्यांचं पाणी फेकायची. जन्मभर खारं पाणी प्यालेल्या माणसाच्या ताटातलं मीठ आम्ही काढून घेतलं आणि गोडं पाणी मिळालं तेव्हा तेही काढून घेतलं. हे मी रोज करत होतो आणि रोज मला वाटायचं की कोणीतरी येऊन मला थांबवावं. कोणी आलं नाही, कारण मी करत होतो ते बरोबर होतं.

तहान काय असते ते मला तोवर माहीत नव्हतं. बाबा पाण्याचा घोट तोंडात धरून बसायचे, गिळायचे नाहीत, गिळला की संपला म्हणून. लवंग चघळायचे. गुळण्या करतो म्हणायचे आणि बायको मोरीच्या दारात उभी राहायची, पाणी थुंकतात की नाही ते बघायला. "मामाजी, थुका," ती म्हणायची आणि आत येऊन रडायची. शेजारी कोणाच्या घरी बादली भरल्याचा आवाज आला तरी बाबांची मान तिकडे वळायची. डायलिसिसला गेलं की आधी वजन करतात. मधल्या दिवसांत किती पाणी प्यालं ते काट्यावर दिसतं. तिथली सिस्टर म्हणायची, "काका, पेलात ना?" बाबा शाळेतल्या पोरासारखे खाली बघायचे.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आलो. बाबा झाडाच्या बुडाशी पाठमोरे उभे होते, हातात पाइप. मला वाटलं झाडाला पाणी घालताहेत. जवळ गेलो तर पाइप तोंडात होता. डोळे मिटलेले, पाणी हनुवटीवरून सदऱ्यात उतरत होतं आणि ते पीत होते. मी पाइप हिसकला. त्यांनी सोडला नाही. आम्ही दोघं त्या पाइपसाठी झोंबलो, मी पन्नाशीचा आणि ते हाडांचा सापळा झालेले, आणि शेवटी माझ्या हातात पाइप आला. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. बाबा म्हणाले, "लेका, घोटभर होतं." त्यांचा आवाज लहान पोराचा झाला होता.

घोटभर नव्हतं ते. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांना श्वास घेता येईना. जीपमध्ये घालून राजूर घाट चढताना ते माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून हवा ओढत होते आणि मी ड्रायव्हरवर खेकसत होतो, जणू घाट त्यानं बांधला होता. मशीन लावलं, पाणी काढलं, बाबा वाचले. घरी आल्यावर मी अंगणातल्या नळाची चावी काढून कपाटात ठेवली. बाबांनी ते पाहिलं.

आता झाडाला पाणी मी घालायचो. बाबा समोर खुर्चीवर बसलेले असत आणि त्यांच्यादेखत जमिनीवर पाणी ओतायची मला लाज वाटायची. ते आंघोळीला गेले की मी चोरून दोन बादल्या टाकून मोकळा व्हायचो. असं पाऊस संपेपर्यंत चाललं. थंडी सुरू झाली तसं बाबा एक दिवस मला म्हणाले, "त्याचं पाणी तोड."

"कोणाचं?"

"झाडाचं. यंदा तोडू."

मी म्हणालो, कशाला बाबा, राहू द्या. माझ्या जिवावर आलं होतं. घरात एक तहानलेलं होतं तेवढं पुरे होतं.

"यंदा नाई तं मंग कधी?" ते म्हणाले. "लागलेलं पाह्यचं हाये मले. अन् तवालोक रिपोट चांगला येईन तं डाक्टर एखादी फोड खाऊ देईन. आपल्या झाडाची एक फोड. दुसरं काय मांगत नाई मी."

मी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. ते चांगले होते, तोडून बोलले नाहीत. पोटॅशियमचा आकडा खाली आला तर बघू, म्हणाले. बाबा येताना एसटीत खिडकीशी बसून पूर्ण घाट उतरेपर्यंत खुशीत होते.

मग आम्ही झाडाचं पाणी तोडलं. भारी जमिनीत ओल लवकर सरत नाही, त्यामुळे बरेच दिवस झाडाला काही कळलंच नाही. मग पानांचा चकाकता रंग गेला. मग ती दुपारची वळू लागली, सकाळी पुन्हा सरळ होऊ लागली. बाबा रोज खुर्ची झाडासमोर ठेवून बसत, उशाची बाटली मांडीवर. झाडाकडे पाहत पाहत एखादा घोट तोंडात धरत. मी मेव्हण्याला फोन करून विचारायचो, आता सोडू का पाणी? तो म्हणायचा, सकाळी बी पानं वळलेली दिसू द्या. मी बाबांना सांगायचो, अजून नाही. ते म्हणायचे, "हाव. अजून नाई." ते झाडाशी बोलायचे का ते मला माहीत नाही. एकदा मात्र मी ऐकलं, ते हळू आवाजात म्हणत होते, "तुले भेटनच पाणी. जरा दम धर." त्यात त्यांनी स्वतःला धरलं नव्हतं. मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

सकाळीही पानं वळलेली दिसली त्या दिवशी रविवार होता. मी कपाटातून चावी आणली. बाबांनी पाइप मागितला. मी दिला आणि शेजारी उभा राहिलो, त्यांचा हात तोंडाकडे गेला तर धरायला. नाही गेला. त्यांनी आळं भरलं. जमीन भेगाळलेली होती, पाणी आत जाताना आवाज येत होता. आळं रिकामं झालं, पुन्हा भरलं. पुन्हा रिकामं. बाबांनी चपला काढल्या आणि सुजलेले पाय त्या पाण्यात ठेवून ते उंचवट्याच्या कडेवर बसले. "कसं पेऊन राह्यलं पाह्य," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हेवा नव्हता. मला वाटतं, होता तो माझ्या चेहऱ्यावर.

महाशिवरात्रीच्या आसपास झाड फुललं. घरात, अंगणात, रस्त्यापर्यंत वास. ग्रामसेवकांनी कुंपणाशी येऊन सांगितलं की त्यांना आधीपासून ठाऊक होतं. फुलं गळाली, वाटाण्याएवढी फळं धरली, तीही उन्हाळ्यात रोज सड्यासारखी पडू लागली. मेव्हणा म्हणाला, पडतातच, घाबरू नका. बाबा पडलेली फळं वेचून ओळीनं कठड्यावर मांडायचे. मग वानरं आली. पेरूचा फडशा पाडून ती संत्र्याकडे वळली, तेव्हा बायकोनं जुन्या साड्या झाडावर बांधल्या आणि बाबा काठी घेऊन बसले. उठवत नव्हतं तरी बसून काठी आपटायचे. एवढं करून झाडावर राहिली ती टोपलीभर. दसऱ्यानंतर त्यांच्यावर पिवळी झाक आली.

आणि बाबांचा आकडा खाली येत नव्हता. दर तपासणीला मी रिपोर्ट हातात घेऊन आधी तो एक रकाना बघायचो. पावसाळ्यात एकदा मशीनवरच त्यांचे ठोके चुकले होते, सगळे धावत आले होते, त्यांना कसंबसं परत आणलं होतं. तेव्हापासून डॉक्टर कडक झाले. दिवाळी झाली, संत्री रंगली, सालं सैल पडली, एक-दोन आपोआप गळाली. मी डॉक्टरांना म्हणालो, साहेब, एकच फोड. ते म्हणाले, "मास्तर, एका फोडीनं कदाचित काही होणार नाही. पण या आकड्याला मी हो म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात आकडा वाढला होता. झाडावरची फळं थांबणार नव्हती आणि बाबाही थांबणार नाहीत हे आता आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

बायको म्हणाली, "द्या ना हो एक फोड. तडफडत जगवून तरी काय करता?"

"तू दे," मी म्हणालो. "तुझ्या हातानं दे आणि मग ठोके मोजत बस."

तिनं तोंड फिरवलं. तिला देता येत नव्हतं, मला देता येत नव्हतं, नाही म्हणताही येत नव्हतं. मी इतका चिडचिडा झालो होतो की शाळेत पोरं माझ्या तासाला श्वास रोखून बसायची. एकदा वाटलं, झाडावरची सगळी फळं तोडून दूर कुठे तरी वाटून टाकावीत, म्हणजे दिसणार नाहीत. तेही केलं नाही.

मग एका दुपारी ऊन मऊ पडलं होतं. बाबांना उचलून अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. त्यांनी बोटानं एक फळ दाखवलं, हाताच्या उंचीचं, सगळ्यांत पिवळं. "तोड," म्हणाले. मी तोडलं. त्यांनी हात पुढे केला. मी फळ त्यांच्या हातात ठेवलं आणि समोर उकिडवा बसलो. त्यांनी खाल्लं तर मी हिसकावून घेणार होतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

बाबांनी साल काढली. ती एका ओढीत निघाली. त्यांनी एक फोड सुटी केली, तिच्यावरच्या पांढऱ्या शिरा एकेक करून काढल्या, पातळ सालटं सोललं, बी काढून टाकली आणि फोड माझ्या तोंडासमोर धरली.

"आ कर."

"बाबा, मला नको."

"आ कर बे. इतक्या दिवसाचं लागलं, कोणाच्या तरी पोटात जाऊ दे."

मी तोंड उघडलं. ती आंबट निघावी म्हणून मी मनातून धावा करत होतो. आंबट असती, पाणचट असती, तर मी म्हणू शकलो असतो की बाबा, काही नाही यात, उगाच एवढी वर्षं. ती गोड होती. इतकं गोड संत्रं मी विकत घेऊन कधी खाल्लं नव्हतं.

"आंबट आहे," मी म्हणालो.

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. "दिवसभर पोरायच्या लबाड्या पकडतं तू," ते म्हणाले, "तुले सोताले एक नाई जमत." त्यांनी दुसरी फोड सोलायला घेतली. "खरं सांग."

"गोड आहे, बाबा."

"कितलं?"

मी नुसती मान हलवली. त्यांनी दुसरी फोड माझ्या तोंडात घातली, मग तिसरी. मी चावत होतो आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी गिळलं की त्यांच्या नरड्याची घाटी वर जाऊन खाली यायची. मी थांबलो की ते म्हणायचे, "खा." मला रडू येत होतं आणि तोंडात रस होता. संपूर्ण संत्रं त्यांनी मला असं भरवलं, एकही फोड खाली ठेवली नाही.

मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांवरून रस मनगटापर्यंत उतरला होता.

"हे धुऊन दे पटकन," ते म्हणाले. "नाई तं तोंडात जाईन माह्या."

मी तांब्या आणला आणि त्यांचं एकेक बोट धुतलं. त्यांनी हात नाकाशी नेऊन पाहिला आणि पुन्हा पुढे केला.

"वास राह्यला," म्हणाले. "साबण लाव."

मी साबण आणला.